जहाजाचं तेल बदललं, मग उरणची हवा किती बदलली?

प्रश्न रावेरच्या एका भाऊंचा आहे. त्यांची बहीण लग्न होऊन उरणला, न्हावा शेवा बंदराशेजारी, गेली, भाचीला तिकडं दम्याचा त्रास सुरू झालाय, आणि त्यांनी कुठंतरी वाचलं की २०२० पासून जहाजांना स्वच्छ इंधन सक्तीचं झालंय. तर त्यामुळे किनाऱ्यावरची हवा खरंच सुधारली का, आणि आपल्या जळगाव-भुसावळकडं त्याचा काही फरक पडतो का, असं विचारलंय. मी यावलकडचा, मरीन इंजिनिअर, चीफ म्हणून जहाजांवर बरीच वर्षं काढली आणि आता जमिनीवर राहून जहाजांच्या इंधनाचंच काम बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो, सवडीनं वाचा.

आधी थेट उत्तर. सल्फरच्या बाबतीत हवा सुधारली, चांगली सुधारली. पण दम्याच्या पोराला जे जे त्रास देतं त्यात सल्फर हा एक हिस्सा आहे आणि उरणसारख्या ठिकाणी बाकीचे हिस्से त्याहून मोठे आहेत. दुसरं असं की आपल्या किनाऱ्याला जो नियम लागू आहे तो युरोप-अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या नियमापेक्षा पाचपट ढिला आहे, आणि ह्याबद्दल आपल्याकडं फारसं कुणी बोलत नाही, मला ते मनापासून खटकतं.

जहाजं इंधन म्हणून काय जाळायची ते आधी समजून घ्या. रिफायनरीत पेट्रोल, रॉकेल, डिझेल सगळं काढून झालं की तळाला जो काळा जाड माल उरतो तो म्हणजे हेवी फ्युएल ऑईल. गार असताना हे काकवीसारखं घट्ट, पंपानं ओढता येत नाही, म्हणून टाकीत वाफेच्या कॉइल टाकून तापवायचं, प्युरिफायरमधून पाणी-गाळ काढायचा, आणि इंजिनच्या तोंडाशी नेईपर्यंत १३०-१४० डिग्रीला न्यायचं तेव्हा कुठं ते नीट फवारलं जातं. स्वस्त होतं म्हणून जगभरची जहाजं दशकानुदशकं ह्याच्यावर चालली. क्रूडमधलं सल्फर, व्हॅनेडियम, निकेल हे सगळं ह्या तळाच्या मालातच गोळा होतं.

मार्पोल, म्हणजे जहाजांचं प्रदूषण रोखायचा आंतरराष्ट्रीय करार, त्यातला सहावा भाग, म्हणजे जहाजांच्या धुराचे नियम, ठरला १९९७ मध्ये, अंमलात आला २००५ मध्ये. तेव्हा खुल्या समुद्रात इंधनात ४.५ टक्के सल्फर चालायचं. २०१२ पासून ३.५ झालं. आणि १ जानेवारी २०२० पासून ०.५ टक्के. प्रत्यक्षात बाजारात मिळणाऱ्या तेलात सरासरी अडीच टक्क्यांच्या आसपास असायचं, पण मर्यादा ३.५ होती हे धरून चाला.

आता हिशोब करा, सोपा आहे. एक किलो सल्फर जळलं की दोन किलो सल्फर डायऑक्साइड होतो. मध्यम जहाज चालू असताना दिवसाला ५० टन तेल खातं असं धरा. ३.५ टक्क्यांचं तेल असेल तर पावणेदोन टन सल्फर, म्हणजे साडेतीन टन सल्फर डायऑक्साइड रोज एका फनेलमधून, म्हणजे जहाजाच्या धुराड्यातून. तेच ०.५ टक्क्यांवर आलं की अर्धा टन. जगभरचा हिशोब आयएमओनं, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं, मांडला होता, जहाजांच्या सल्फरच्या धुरात ७७ टक्के घट, वर्षाला साधारण ८५ लाख टन कमी. हा आकडा मोठा वाटतो पण आधी किती घाण चाललेली होती तेही त्यातून कळतं, कारण माणसानं हवेत सोडलेल्या एकूण सल्फर ऑक्साइडपैकी तेरा टक्क्यांच्या आसपास एकट्या जहाजांचे होते.

तुम्ही म्हणाल समुद्रातल्या धुराचा किनाऱ्याला काय त्रास. तर जहाजांचे रस्ते किनाऱ्याला धरूनच जातात, त्यांच्या धुराचा साधारण ७० टक्के भाग जमिनीपासून ४०० किलोमीटरच्या आतच बाहेर पडतो. सल्फर डायऑक्साइड दमट हवेत काही तासांत ते काही दिवसांत सल्फेट होतो, अमोनियाशी जुळतो आणि अगदी बारीक कण बनतात, हेच ते पीएम २.५, फुप्फुसाच्या पार आत जाणारे. गॅस स्वतःही वाईटच, दमा असलेल्या माणसाची श्वासनळी सल्फर डायऑक्साइडनं काही मिनिटांत आवळते, निरोगी माणसाला जाणवणारही नाही इतक्या प्रमाणात.

हे आम्हाला इंजिनात रोज दिसायचं. जुन्या तेलावर असताना सिलिंडरच्या लायनरच्या भिंतीवर सल्फरचं ॲसिड जमायचं, ते लोखंड खायचं, म्हणून सिलिंडर ऑईलमध्ये चुन्याच्या जातीचा अल्कली माल मिसळलेला असायचा, ७० बीएन, १०० बीएन असे डबे यायचे, बीएन म्हणजे ऑईलमधल्या अल्कलीचं माप. २०२० नंतर तेच ऑईल ४० बीएनवर आलं. म्हणजे बघा, पोलाद वाचवायला कंपन्या पैसा खर्च करून अल्कली टाकत होत्या, आणि तेच ॲसिड फनेलमधून निघून किनाऱ्यावरच्या लोकांच्या छातीत जात होतं, तिथं अल्कली टाकणारं कुणी नव्हतं.

नियम २०२० ला आणायचा की २०२५ पर्यंत लांबवायचा ह्यावर आयएमओत २०१६ मध्ये मोठा वाद झाला. तेल कमी पडेल, भाव चढतील, जहाजवाले मरतील, सगळं म्हणून झालं. तेव्हा फिनलंडनं एक अभ्यास मांडला की पाच वर्षं उशीर केला तर जगात ५ लाख ७० हजारांहून जास्त माणसं वेळेआधी मरतील, आणि त्यातली बरीचशी आशिया-आफ्रिका-लॅटिन अमेरिकेच्या दाट वस्तीच्या किनाऱ्यांवरची. नियम २०२० ला आला. तेल कमी पडलं नाही.

एक गोष्ट फार महत्त्वाची आणि बातम्यांत आलीच नाही, ती म्हणजे १ मार्च २०२० पासूनची दुसरी अट. स्क्रबर (धूर पाण्यानं धुणारं यंत्र) नसलेल्या जहाजाच्या टाकीत जास्त सल्फरचं इंधन नुसतं ठेवायलाही बंदी. आधी काय व्हायचं, भर समुद्रात कोण बघतंय, बंदराजवळ आलं की चांगलं तेल लावायचं. टाकीत ठेवायचीच बंदी झाल्यावर बंदरात आलेला पोर्ट स्टेट कंट्रोलचा, म्हणजे परदेशी जहाजं तपासणारा त्या देशाचा, माणूस टाकीतलं सॅम्पल काढून लॅबला पाठवू शकतो, भर समुद्रात धूर हुंगत बसायची गरज उरली नाही. बंकर, म्हणजे जहाजाचं इंधन, घेताना मॅनिफोल्डवर (तेल भरायच्या नळाच्या तोंडाशी) थेंब थेंब गोळा होणारं सॅम्पल सील करून किमान बारा महिने जपायचं, बंकर डिलिव्हरी नोट तीन वर्षं फाईलला ठेवायची. जहाजाच्या नियमांत खरा दम अशा बारीक कलमांत असतो.

आता सुधारणा खरंच मोजली गेली का. हो. सगळ्यात स्पष्ट दिसलं ते बाल्टिक आणि नॉर्थ सीच्या काठावर, कारण तिथं ०.१ टक्क्याचा नियम १ जानेवारी २०१५ ला एका दिवसात लागू झाला, आधी १ टक्का होता. त्या काठच्या देशांत हवेतला सल्फर डायऑक्साइड निम्म्याहून खाली आला. डेन्मार्कच्या ग्रेट बेल्ट पुलाखालून जहाज गेलं की पुलावर बसवलेलं यंत्र धूर ओढून घेतं आणि सल्फर मोजून सांगतं, असला पहारा आहे तिथं. हाँगकाँगनं २०१५ च्या जुलैपासून धक्क्याला लागलेल्या जहाजांना ०.५ टक्क्याची सक्ती केली, आशियात पहिल्यांदा, आणि क्वाय चुंगच्या कंटेनर बंदराशेजारच्या वस्तीत सल्फर डायऑक्साइड ठळक उतरला. शेजारच्या उंच इमारतींत राहणाऱ्या लोकांना ह्याचा थेट फायदा.

मग उरण-न्हावा शेवाचा आलेख काढून २०१९ आणि २०२१ शेजारी ठेवले की झालं? नाही होत, आणि इथं भलेभले फसतात. १ जानेवारी २०२० ला जहाजाचं तेल बदललं. २५ मार्चला लॉकडाऊन. १ एप्रिलला देशभरात बीएस-सहा डिझेल, म्हणजे सल्फर ५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५० भाग) १० पीपीएमवर. तीन महिन्यांत तीन गोष्टी. त्यामुळे कुणी त्या वर्षाचा आलेख दाखवून 'बघा जहाजामुळे हवा सुधारली' म्हणालं तरी मान्य करू नका आणि 'नियमाचा काही उपयोग झाला नाही' म्हणालं तरी मान्य करू नका. हे वेगळं काढायला एक चांगली खूण आहे, व्हॅनेडियम हा धातू. ट्रकच्या डिझेलमध्ये तो जवळजवळ नसतोच, जहाजाच्या जड तेलात असतो. किनाऱ्यावरच्या फिल्टर पेपरवर जमलेल्या धुळीत व्हॅनेडियम उतरला की समजायचं ही जहाजाचीच घट. जगात ज्या किनाऱ्यांवर असं मोजलं गेलं तिथं तो २०१५ नंतर आणि २०२० नंतर स्पष्ट उतरलेला आहे.

दुसरी फसगत एक्यूआयची, म्हणजे हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकाची. मोबाईलवर जो एक आकडा दिसतो तो सगळ्या प्रदूषकांतल्या सगळ्यात वाईटाचा असतो, आणि मुंबई-उरण पट्ट्यात तो जवळजवळ कायम धुळीचा, पीएम १० नाहीतर पीएम २.५ चा असतो. सल्फर डायऑक्साइड निम्मा झाला तरी तो आकडा हलणारसुद्धा नाही. आपल्या देशाची मर्यादा सल्फर डायऑक्साइडला २४ तासांच्या सरासरीला ८० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची ४०. पीएम २.५ ला वर्षाची आपली मर्यादा ४०, त्यांची ५. म्हणजे आपल्याकडं 'मर्यादेत आहे' ह्या शब्दावर दम्याच्या पेशंटनं फार विसंबू नये.

आता तुम्ही रावेरचे, म्हणून एक गोष्ट तुमच्याच वावराशी जोडून सांगतो. आपल्याकडची केळी कापून, धुवून, खोक्यात भरून रीफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या, कंटेनरमध्ये जातात आणि जेएनपीटीवरून, म्हणजे न्हावा शेवा बंदरातून, आखाताकडं निघतात. केळीला साडेतेरा डिग्रीच्या आसपास ठेवावं लागतं, थोडं खाली गेलं की साल काळी पडते, वर गेलं की वाटेतच पिकतात, म्हणून कंटेनरचा प्लग जहाजावर सतत लावलेला. हा करंट कुठून येतो? जहाजाच्या जनरेटरमधून. मेन इंजिन बंद करून जहाज धक्क्याला लागलं तरी जनरेटर आणि बॉयलर चालूच. एक रीफर सरासरी तीन-चार किलोवॅट खातो असं धरा, ३०० रीफर असतील तर एक मेगावॅट नुसतं थंडाव्याला, म्हणजे दिवसाला पाचेक टन तेल. जुन्या ३.५ टक्क्यांवर ह्यातून साडेतीनशे किलो सल्फर डायऑक्साइड, आताच्या ०.५ वर पन्नास किलो, आणि ०.१ चं तेल असतं तर दहा किलो. हा धूर भर समुद्रात नाही, धक्क्यावर, वस्तीपासून काही किलोमीटरवर, आणि फनेल काही वीजघराच्या चिमणीइतकं उंच नसतं, धूर खालीच राहतो. म्हणून किनाऱ्याच्या हवेचा विचार करताना मी चालत्या जहाजापेक्षा उभ्या जहाजाकडं जास्त बघतो.

युरोपनं हे फार आधी ओळखलं. तिथं २०१० पासूनच धक्क्याला उभ्या जहाजाला ०.१ टक्का सक्तीचा आहे. भूमध्य समुद्र तर १ मे २०२५ पासून अख्खाच ०.१ च्या क्षेत्रात आला. उत्तर अमेरिकेचा किनारा २०१२ पासून नियंत्रण क्षेत्र, म्हणजे जहाजांच्या धुराला जास्त कडक मर्यादा असलेला भाग, आहे, ०.१ तिथंही २०१५ पासून. तेच जहाज, तेच आम्ही लोक. जेएनपीटीहून सुटलेलं जहाज सुएझ पार करून भूमध्यात शिरायच्या आधी चेंजओव्हर, म्हणजे तेलाची अदलाबदल, करतं. हे काम काय असतं सांगतो म्हणजे कळेल की अशक्य असं त्यात काही नाही. गरम जड तेलावरून ४० डिग्रीच्या आसपासच्या पातळ गॅसऑईलवर यायचं, पण एकदम नाही, मिनिटाला दोन डिग्रीपेक्षा जास्त तापमान उतरू द्यायचं नाही, नाहीतर फ्युएल पंपाचा प्लंजर बॅरलमध्ये जखडतो आणि इंजिन बंद पडतं, तेही नेमकं अरुंद पाण्यात. हीटरची वाफ हळूहळू बंद करत न्यायची, व्हिस्कोसिटी, म्हणजे तेलाचा दाटपणा, दोन सेंटिस्टोकच्या खाली जाऊ द्यायची नाही, पाईपलाइनमध्ये राहिलेलं जुनं तेल पूर्ण जळून जायला तास मोजायचे, आणि मग लॉगबुकात वेळ, अक्षांश-रेखांश, प्रत्येक टाकीत किती माल होता ते लिहायचं. सेकंड इंजिनिअर आणि एक ऑईलर खाली उभे राहतात, काही तासांत काम होतं. जगभर रोज होतं. आपल्या किनाऱ्यावर येताना मात्र हे करायची गरज नाही, कारण भारताचा किनारा असलं नियंत्रण क्षेत्र नाही. इथं ०.५ चालतं. ट्रकच्या डिझेलला १० पीपीएम आणि शेजारी उभ्या जहाजाच्या तेलाला ५,००० पीपीएम, पाचशेपट. चीननं आपल्या किनाऱ्याला स्वतःचे नियम जगाच्या आधी लावले, आपणही धक्क्यापुरता ०.१ चा नियम करू शकतो, त्यासाठी आयएमओत वर्षानुवर्षं फाईल फिरवायला लागत नाही.

स्क्रबरबद्दलही विचारतील कुणीतरी, म्हणून थोडक्यात. नियमात पळवाट नाही पण पर्याय आहे की धूर पाण्यानं धुवा आणि जुनंच स्वस्त तेल जाळा. हजारो जहाजांनी स्क्रबर बसवले. ओपन लूप म्हणजे समुद्राचं पाणी घ्यायचं, धूर धुवायचा, ते आम्लाचं आणि जड धातूंचं पाणी परत समुद्रात. हवा सुधारते, घाण कोळ्याच्या जाळ्याकडं जाते. सिंगापूर, फुजैरा अशा बंदरांनी ओपन लूपला बंदी घातलीय, मला ते योग्य वाटतं.

आता ज्याचा ह्या नियमाशी जवळजवळ संबंध नाही तो भाग, आणि भाचीच्या दृष्टीनं हाच मोठा आहे. नायट्रोजन ऑक्साइड. हा इंधनातून कमी आणि हवेतून जास्त येतो, सिलिंडरमध्ये तापमान इतकं वाढतं की हवेतला नायट्रोजनच जळतो. मग तेल कितीही स्वच्छ घ्या, फरक किरकोळ. त्यासाठी इंजिनचे वेगळे टप्पे आहेत, संथ चालणाऱ्या मोठ्या इंजिनाला पहिल्या टप्प्यात एका किलोवॅट-तासाला १७ ग्रॅम, २०११ नंतर बांधलेल्या जहाजांना १४.४, आणि तिसऱ्या टप्प्यात ३.४. पण हा तिसरा टप्पा फक्त उत्तर अमेरिका आणि बाल्टिक-नॉर्थ सीसारख्या क्षेत्रांत सक्तीचा, तोही ठराविक वर्षानंतर बांधलेल्या जहाजांना. नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला युरियाचं यंत्र बसवलेलं नवं जहाज आपल्या बंदरात आलं तरी ते यंत्र इथं चालू ठेवायचं बंधन नाही. यंत्र अंगावर आहे आणि बंद आहे. नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनळीला सूज आणतो, उन्हात त्याच्यापासून ओझोन होतो, आणि हे दोन्ही दम्याला वाईट.

उरणला ह्याच्यावर आणखी ट्रकांची रांग आहे. बंदरात जायला उभे कंटेनरचे ट्रेलर, रस्त्याची धूळ, पनवेलकडची बांधकामं, खाडीपलीकडं माहुलच्या रिफायनऱ्या आणि ट्रॉम्बेचं वीजघर. हे सगळं एका हवेत मिसळतं. जहाजाचं तेल बदलून ह्यातला एक नळ बराच बंद झाला, बाकीचे चालू आहेत.

काही जण आता उलटंही म्हणायला लागलेत, की जहाजाचा सल्फेटचा धूर सूर्यप्रकाश परतवत होता, ढग उजळ करत होता, तो गेल्यामुळे समुद्र जास्त तापला. समुद्रावरच्या ढगांत जहाजांच्या धुराच्या ज्या पांढऱ्या रेघा सॅटेलाइटमधून दिसायच्या त्या २०२० नंतर खूप कमी झाल्या हे खरं आहे, आणि थोडी उष्णता त्यामुळे वाढली हेही शास्त्रज्ञ मान्य करतात. पण म्हणून लोकांनी ॲसिड श्वासात घ्यावं हे मला पटत नाही. उष्णतेचं मूळ कार्बन आहे, तिथंच काम करावं लागेल.

आता खान्देश. समुद्राशी आपलं नातं तापीचं, मुलताईहून निघून भुसावळवरून सुरतेला जाते आणि हजिऱ्याशेजारी समुद्राला मिळते, तिथंच जहाजं उभी असतात. सातपुडा आणि अजिंठ्याच्या रांगांमधलं तापीचं खोरं पश्चिमेला उघडं आहे, उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा त्याच वाटेनं वर येतो. त्यामुळे सल्फेटचे कण नवापूर-नंदुरबारकडं येऊच शकत नाहीत असं नाही, हे कण शेकडो किलोमीटर जातात. पण वाटेत ते इतके पातळ होतात, आणि पावसाळ्यात तर धुऊनच जातात, की जळगावच्या माणसाला जहाजाच्या नियमाचा फरक श्वासात जाणवेल असं मी म्हणणार नाही.

आपल्याकडं सल्फरचा प्रश्न दीपनगरचा, म्हणजे भुसावळच्या कोळशावरच्या वीजघराचा आहे. भारतीय कोळशात सल्फर कमी असतं, अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी, जहाजाच्या नव्या तेलाइतकंच. पण राख जास्त, उष्णता कमी, म्हणून जाळावा लागतो प्रचंड. ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण भारानं चालला तर दिवसाला आठेक हजार टन कोळसा. ०.४ टक्के सल्फर धरलं तरी ३२ टन सल्फर, म्हणजे साठेक टन सल्फर डायऑक्साइड रोज, एका संचाचा. ढोबळ हिशोब आहे पण अंदाज यायला पुरे, वर जे चालत्या जहाजाचं अर्धा टन काढलं त्याच्या शंभरपट. चिमणी उंच असल्यानं तो गावावर थेट पडत नाही, लांब पसरतो आणि लांबच सल्फेट होतो, पण जातो आपल्याच जिल्ह्यांवरून. ह्या वीजघरांना सल्फर काढायची यंत्रणा बसवायला डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रानं नियम केला, दोन वर्षांची मुदत दिली, मग मुदतवाढीवर मुदतवाढ, आणि जुलै २०२५ मध्ये मोठ्या शहरांपासून लांब असलेल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच दिली. जहाजांसाठी जगातल्या पावणेदोनशेच्या आसपास देशांच्या संघटनेनं तारीख ठरवली आणि त्या तारखेला नियम लागू झाला, लाखो टन तेलाचा बाजार एका रात्रीत बदलला, हे मी स्वतः बंकर घेताना पाहिलंय. म्हणून 'एवढं मोठं काम होत नसतं' हे कारण मला आता कुणाकडूनच ऐकवत नाही.

हे दोन्ही प्रश्न एका ठिकाणी जुळतात ते सांगतो. धक्क्यावरचा धूर थांबवायचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे जहाजाला किनाऱ्यावरून वीज देणं, जनरेटर बंदच. कॅलिफोर्नियात कंटेनर जहाजांना २०१४ पासून ह्याची सक्ती सुरू झाली. आपल्या जहाज मंत्रालयानं २०२३ मध्ये 'हरित सागर' मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही हे आहे. पण ती वीज येणार राज्याच्या ग्रिडमधून, आणि ग्रिडमध्ये दीपनगर, कोराडी, चंद्रपूर ही कोळशाची वीजघरं. उरणचं फनेल बंद करून दीपनगरच्या चिमणीतून तोच धूर काढला तर भाचीला बरं वाटेल, मामाच्या गावाला नाही. म्हणून किनाऱ्यावरची वीज मागताना ती साक्रीच्या सोलरची आणि ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांची मागावी. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सोलर प्रकल्प आहेच, वर सांगितलेल्या तीनशे रीफरना भर उन्हात एक मेगावॅट पुरतो. वाढवण बंदराचं भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झालं, ते आपल्या केळीलाही जवळ पडेल, तर तिथला धक्का पहिल्या दिवसापासून असा बांधायचा हे आत्ताच ठरवायला पाहिजे, नंतर खोदाखोद करून केबल टाकणं फार महाग जातं.

आता भाचीचं. मी डॉक्टर नाही, औषध डॉक्टरच ठरवतील, इन्हेलर लिहून दिला असेल तर तो 'सवय लागते' म्हणून बंद करू नका एवढंच. हवेचं सांगतो. बंदर उरण गावाच्या उत्तरेला आहे, म्हणून वारा उत्तर-वायव्येचा असला की बंदराचा आणि ट्रेलरच्या रस्त्याचा धूर गावाकडं येतो, पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा असतो तेव्हा तो उलटीकडं जातो. हिवाळ्यात पहाटे वारा पडलेला असतो, धूर जमिनीलगत साचतो, तेव्हा खिडक्या बंद ठेवाव्या आणि पोरीला खेळायला ऊन चढल्यावर सोडावं, दुपारी समुद्राचा वारा सुटला की मोकळी हवा येते, तेव्हा घर उघडावं. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या समीर ॲपवर जवळच्या केंद्राचा एकूण एक्यूआय न बघता आत जाऊन पीएम २.५, नायट्रोजन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड वेगवेगळे बघा. ताईंना सांगा, महिनाभर वहीत रोज हे तीन आकडे, वाऱ्याची दिशा आणि पोरीला रात्री खोकला आला का एवढं लिहा. ती वही डॉक्टरांना दाखवा, त्यांना नेमकं कळेल कशानं बिघडतंय, आणि उद्या बंदराच्या लोकांसमोर तोंड उघडायची वेळ आली तर हातात काहीतरी असेल.

घर नेमकं कुठल्या बाजूला आहे, बोरीकडं, करंजाकडं का जासईच्या रस्त्यावर, ते कळवा, मग वाऱ्याचं आणखी नीट सांगता येईल.